कोल्हापूर ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलगा किंवा मुलगी न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे, आईवडील राजारामपुरीत, इचलकरंजीत नाहीतर गडहिंग्लजला. अशा घरांतून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात ‘किती किलोमीटर, किती तास’ अशीच होते. किलोमीटरचं उत्तर एका ओळीत देता येतं, तासांचं येत नाही. विमानांच्या वेळा आणि मार्ग बदलत असतात, म्हणून तिकीट काढताना त्या दिवशीचं वेळापत्रक बघाच.

१. कोल्हापूर ते न्यूयॉर्क विमानाने नेमकं किती किलोमीटर?

उजळाईवाडीच्या छत्रपती राजाराम महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंत सरळ हवाई अंतर सुमारे १२,८४० किलोमीटर आहे. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून दोरी ताणली तर जेवढी लागेल तेवढं. वेगवेगळ्या साइटवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसतो. कुणी विमानतळापासून मोजतं, कुणी शहराच्या मध्यापासून. कुणी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरतं, कुणी ध्रुवांकडे थोडी चपटी. हिशेब सगळ्यांचा बरोबरच असतो.

२. साइटवर ‘१४ तास ४५ मिनिटे’ दिसतंय. मग एजंट २७ तास का सांगतो?

ते पावणेपंधरा तास कुठल्याही विमानाचे नाहीत. साइट अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागते आणि उड्डाण-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवते. १२,८४० भागिले ९०० म्हणजे सव्वाचौदा तास, अधिक अर्धा. कोल्हापुरातून न्यूयॉर्कला विमान सुटतं का, वारा कुठल्या दिशेचा आहे, मध्ये कुठे थांबायचं आहे, यातलं काहीही त्या गणिताला ठाऊक नसतं. एजंटचा आकडा जास्त खरा आहे. त्याची फोड प्रश्न ८ मध्ये आहे.

३. एका ठिकाणी ७,९८० लिहिलंय, दुसरीकडे ६,९३०. जवळचा रस्ता आहे की काय?

नाही. ७,९८० हे मैल आहेत आणि ६,९३० हे सागरी मैल. वैमानिक सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तिन्ही आकडे एकाच अंतराचे.

४. कोल्हापुरातून थेट अमेरिकेला विमान कधी होणार?

विमानतळ १९३९ सालचा, संस्थानी काळातला. नवं टर्मिनल मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. त्यामुळे ‘आता आंतरराष्ट्रीय कधी’ हा प्रश्न साहजिक आहे. पण अडचण इमारतीची नसून धावपट्टीची आहे. ती १,३७० मीटरवरून १,९३० मीटरपर्यंत वाढवली गेली आणि पुढे २,३०० मीटरची योजना आली. सोळा तासांचं इंधन भरलेलं मोठं विमान उचलायला साधारण तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब पट्टी लागते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे. शिवाय आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे विमानाला धाव जास्त घ्यावी लागते. पासपोर्ट तपासणी आणि कस्टमचा मुद्दा तर त्यानंतरचा. थोडक्यात, नातवंडांना भेटायचं असेल तर थेट विमानाची वाट बघत थांबू नका.

५. मुंबईला जाऊन मग न्यूयॉर्क म्हणजे उलटा फेरा नाही का?

बहुतेकांना तसंच वाटतं, आणि इथेच गंमत आहे. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ३०९ किलोमीटर, मुंबई-न्यूयॉर्क सुमारे १२,५३०. बेरीज करा. थेट अंतराएवढीच येते, फरक जेमतेम एका किलोमीटरचा. कारण कोल्हापुरातून न्यूयॉर्ककडे ताणलेली दोरी वायव्येला निघते आणि मुंबईच्या अगदी जवळून जाते. मुंबई आडवाटेला नाहीच, ती रस्त्यावरचंच गाव आहे. कोल्हापुरातून पुण्याला जाताना कराड लागावं तशी.

म्हणजे मुंबईमार्गे जाण्यात अंतराचा तोटा शून्य. तोटा होतो तो थांबण्यात. त्यासाठी प्रश्न ९ बघा.

६. आणि दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू? तिकडून तिकीट स्वस्त दाखवतंय.

थेट अंतराच्या तुलनेत दिल्लीमार्गे सुमारे २७० किलोमीटर जास्त पडतात, हैदराबादमार्गे पावणेसहाशेच्या आसपास आणि बेंगळुरूमार्गे हजाराच्या वर, कारण बेंगळुरूला जाताना तुम्ही न्यूयॉर्ककडे पाठ करून निघता. हजार किलोमीटर म्हणजे विमानाचा सव्वा तास. तेवढ्यासाठी चांगलं जोडतिकीट सोडू नये. पाच-सहा हजार रुपये वाचत असतील आणि मध्ये थांबा नीट असेल तर बेंगळुरूही चालेल. मात्र कोल्हापूर-दिल्ली जोड बघताना मध्ये आणखी एक थांबा लपलेला नाही ना, हे तपासा. तीन विमानं बदलणं साठीच्या पुढच्या माणसाला सोसत नाही.

७. मुंबई फक्त ३०९ किलोमीटर, तर विमानाला तास का लागतो?

अशा छोट्या मार्गांवर धावणाऱ्या एटीआर विमानाचा वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो. त्या वेगाने नुसतं उडणं म्हणजे सदतीस-अडतीस मिनिटं. पण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. इथे विमान जागेवरून हललं तेव्हापासून तिथे जागेवर थांबेपर्यंतचा तो वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं सगळं येतं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानं आकाशात घिरट्या घालत नंबर लावतात. खिडकीतून तीच खाडी तिसऱ्यांदा दिसली तर घाबरू नका, पण पुढच्या विमानाचा हिशेब करताना हा वेळ धरून ठेवा.

८. मग घराच्या दारातून मुलाच्या दारापर्यंत खरोखर किती तास?

सगळं जुळून आलं तर असं: घरातून निघून उजळाईवाडीला पोचणं आणि विमानापर्यंतचा वेळ मिळून अडीच तास. मुंबईपर्यंत एक तास. मुंबईत थांबा पाच तास. मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा साधारण सोळा तास. तिथे पासपोर्टची रांग, बॅगा आणि गाडीने घर, दीड ते तीन तास. एकूण सव्वीस ते अठ्ठावीस.

या सत्तावीस तासांत आकाशात जाणारे तास सतराच. उरलेले दहा तास रांगेत, खुर्चीवर आणि रस्त्यावर जातात. विमानाचा वेग तुमच्या हातात नाही, पण हे दहा तास बरेचसे आहेत. कोल्हापूर-मुंबईचं सोयीचं विमान त्या दिवशी नसेल तर दहाचे अठरा-वीस होतात, आणि वेळापत्रक बघताना लोक नेमकं हेच शेवटी बघतात. आधी ३०९ किलोमीटरची सोय लावा, मग १२,५३० ची.

९. मुंबईत दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवावा?

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर कंपनीने दिलेला थांबा चालतो. तरी तीन तासांच्या आत असेल तर मी घेऊ देत नाही. तिकिटं वेगवेगळी असतील तर सहा तास ठेवा, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त.

फरक समजून घ्या. एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं, तर पुढे पाठवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगळ्या तिकिटांवर कंपनीच्या दृष्टीने तुम्ही वेळेवर आलाच नाही, संपलं. एका जोडप्याला जुलैत याच कारणासाठी दोन नवी तिकिटं काढावी लागली. कोल्हापूरचं विमान ढगांमुळे अडीच तास उशिरा सुटलं आणि थांबा होता चार तासांचा. विमानं दोन्ही आली-गेली, ते दोघं मात्र काउंटर बंद झाल्यावर पोचले.

दुसरी गोष्ट, विमानतळ कुठला ते वाचा. अमेरिकेची विमानं सहारच्या टर्मिनल दोनवरून सुटतात. देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनल एकला उतरलं तर बाहेर येऊन रस्त्याने जावं लागतं. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. दोन्हींच्या मध्ये खाडी आहे आणि मुंबईची वाहतूक आहे. उतरायचं एका ठिकाणी आणि चढायचं दुसऱ्या, असं असेल तर आणखी तीन तास वाढवा.

१०. विमानाऐवजी रेल्वे, ट्रॅव्हल्स किंवा गाडीने मुंबईला गेलो तर?

चालतं, आणि बॅगा जास्त असतील तर कित्येकदा तेच बरं. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत सोडते. पण अमेरिकेचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर अख्खा दिवस काढायला नातेवाइकाचं घर हवं. कोयना एक्सप्रेस सकाळी निघते आणि रात्रीपर्यंत पोचते, पण ती दोन तास उशिरा झाली तर तुमच्या पोटात गोळा येणार. स्वतःची गाडी किंवा भाड्याची गाडी असेल तर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. आठ तास धरा, महामार्गाची कामं आणि घाट बघून दहा धरा.

जुलै-ऑगस्टमध्ये वेगळा विचार करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्याकडचा रस्ता बंद पडला. आपला विमानतळ शहराच्या दक्षिण बाजूला, त्यामुळे पुराच्या दिवसांत उत्तरेकडे निघणाऱ्याची अडचण जास्त. राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढायला लागली की एक-दोन दिवस आधीच पुण्याला किंवा मुंबईला जाऊन राहिलेलं शहाणपणाचं.

११. समोरच्या पडद्यावर विमान सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेला का जातं?

पडदा सपाट आहे म्हणून तसं दिसतं. घरात पृथ्वीगोल असेल तर कोल्हापूर आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून बघा. तो अरबी समुद्र-आफ्रिका-अटलांटिक असा जातच नाही. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, मग आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. सगळ्यात वर तो जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो.

जाता जाता एक जुळून आलेली गोष्ट. कोल्हापूर साधारण ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्कशेजारचा न्यूअर्क विमानतळ ७४ अंश पश्चिमेवर. ग्रिनिचपासून दोन्ही सारखेच लांब, विरुद्ध बाजूंना. प्रत्यक्ष विमान या दोऱ्यावरून जातंच असं नाही, त्याचं कारण प्रश्न १३ मध्ये.

१२. जाताना सोळा तास आणि येताना चौदा-साडेचौदा. अंतर तर तेच ना?

अंतर तेच, पण वारा तोच नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो समोरून अडवतो, येताना मागून ढकलतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, त्यामुळे जाताना-येतानाच्या वेळांमधला फरकही वाढतो. नदीच्या धारेविरुद्ध आणि धारेबरोबर होडी नेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

१३. पाकिस्तानची हद्द बंद असेल तर वेळ वाढतो का?

वाढतो. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये काही महिने, आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. दोऱ्याचा मार्ग त्या देशावरूनच जात असल्याने विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. दिल्लीहून जाणाऱ्यांना त्याचा फटका जास्त बसतो, मुंबईहून कमी, कारण मुंबईला समुद्र दारातच आहे. प्रश्न ६ मधलं दिल्लीचं गणित अशा काळात आणखी बिघडतं. काही विमानांना मध्ये इंधनासाठी उतरावं लागतं.

उलट बाजूने, २०२२ पासून अमेरिकी आणि बऱ्याच युरोपीय कंपन्यांना रशियाची हद्द बंद आहे. त्यामुळे एकाच मार्गाला दोन कंपन्यांचे तास वेगळे दिसले तर आश्चर्य वाटू नये.

१४. दुबई किंवा अबुधाबीमार्गे फार लांब पडतं का?

अंतरात नाही. मुंबई-दुबई-न्यूयॉर्क ही बेरीज थेट अंतरापेक्षा चारशेएक किलोमीटरच जास्त आहे. वेळ वाढतो तो थांब्यामुळे, दोन-तीन तासांपासून अगदी दहा तासांपर्यंत. पण ज्यांना सलग सोळा तास बसणं जमत नाही, गुडघे धरतात, पाय सुजतात, त्यांना मध्ये उतरून चालायला मिळणं हा तोटा नसून सोय आहे. अबुधाबीत आणखी एक सोय आहे: अमेरिकेची पासपोर्ट तपासणी तिथेच होते. त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग लागत नाही.

१५. रात्री एकला निघून सकाळी साडेसातला पोचतं असं लिहिलंय. म्हणजे साडेसहा तासच?

नाही हो. निघायची वेळ भारताची आणि पोचायची वेळ न्यूयॉर्कची असते. रात्री एकला निघून सोळा तास उडालात की भारतात संध्याकाळचे पाच झालेले असतात. त्यातून साडेनऊ तास वजा केले की न्यूयॉर्कची सकाळ साडेसात. हा उन्हाळ्याचा हिशेब, हिवाळ्याचा प्रश्न १६ मध्ये.

यातून एक मजेदार गोष्ट निघते. तुमचा त्या तारखेचा दिवस चोवीस नव्हे, साडेतेहेतीस तासांचा होतो. डिसेंबरात रात्री एकच्या विमानाने गेलात तर सूर्यापुढे पळत राहिल्यामुळे जवळजवळ सगळा प्रवास अंधारातच होतो. ‘उजाडलंच नाही’ असं सांगणारे आजोबा खोटं बोलत नाहीत.

१६. मुलगी कधी साडेनऊ तासांचा फरक सांगते, कधी साडेदहा. कुठलं खरं?

दोन्ही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. आपण काहीच करत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहा. त्या रविवारच्या आसपासचं तिकीट असेल तर घ्यायला येणाऱ्याला वेळ दोनदा सांगा.

१७. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.५५. विमानतळावर कधी जायचं?

१४ तारखेच्या रात्री. सगळ्यात जास्त विमानं याच गोंधळात चुकतात, आणि शिकलेल्या माणसांचीही. मध्यरात्री बारा वाजले की तारीख बदलते, पण आपल्या डोक्यात झोपून उठेपर्यंत आदलाच दिवस असतो. १५ ला दुपारी कोल्हापुरातून निघालात तर तुमचं विमान तोवर दुसऱ्या खंडावर असेल. कोल्हापूर-मुंबईचं तिकीट १४ तारखेचंच काढा. घरातल्या कॅलेंडरवर १४ च्या चौकटीत ‘रात्री निघणे’ असं मोठ्या अक्षरात लिहा. मी प्रत्येकाला हे फोनवर म्हणून दाखवायला लावतो, काही जण रागावतात.

१८. बॅगा कोल्हापुरात दिल्या की थेट न्यूयॉर्कला मिळतात का?

एकाच तिकिटावर असाल तर बहुतेक वेळा हो. काउंटरवर चिठ्ठीवर शेवटचा कोड ‘जेएफके’ किंवा ‘ईडब्ल्यूआर’ आहे का बघा. दुसरा कोड न्यूअर्कचा. वेगळ्या तिकिटांवर मुंबईत बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते, आणि देशांतर्गत विमानात अनेकदा पंधरा किलोच चालतात, अमेरिकेच्या विमानात मात्र बऱ्याचदा तेवीस-तेवीस किलोच्या दोन. हा फरक पैशात मोजावा लागतो. परतताना बॅग मुंबईतच घ्यायची असते, कारण कस्टम तिथे होतं.

कांदा-लसूण चटणी मोठ्या बॅगेत नीट बांधून द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. तेलामुळे ते पेट घेणारं सामान धरलं जातं आणि काढून ठेवतात. मटणाचं लोणचं, सुकं मटण अमेरिकेच्या कस्टममध्ये जाणारच, म्हणजे कचऱ्यात.

१९. साखरेची आणि रक्तदाबाची गोळी कुठल्या घड्याळाने घ्यायची?

रक्तदाबाच्या रोजच्या गोळीचा आणि इन्सुलिनचा हिशेब एकसारखा नाही. दिवस साडेतेहेतीस तासांचा होतो (प्रश्न १५), त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

२०. विमानात संकष्टी आली तर चंद्रोदय कुठला धरायचा?

हसू नका, हा प्रश्न वर्षातून तीन-चारदा येतो. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते आणि संपते, पण चंद्रोदय त्या त्या गावाचा असतो. त्यामुळे न्यूयॉर्कची संकष्टी कधी कधी आपल्या एक दिवस आधीच्या तारखेला येते. न्यूयॉर्कला पोचणार असाल तर तिथल्या गावाचं पंचांग बघून तिथला चंद्रोदय धरावा, असं आमच्या ओळखीचे गुरुजी सांगतात. उपवासाचं जेवण विमानात सहसा मिळत नाही. बऱ्याच कंपन्यांकडे फळांची थाळी मिळते, पण ती किमान चोवीस तास आधी नोंदवावी लागते. शेंगदाण्याचे लाडू हातातल्या पिशवीत चालतात. उतरण्याआधी ते संपवून टाका, म्हणजे कस्टमच्या माणसाला लाडू समजावून सांगायची वेळ येणार नाही.